खांदा, साडेतीन पौंड

आयोवाच्या वायव्य कोपऱ्यात पहाटे पावणेपाचला
हवेला अजून डुकरांचा वास येतो,
डुकरं जाऊन चार महिने झाले तरी.
आर्डिथ व्हॅन्डरवील फ्रिजच्या उजेडात
पुडकं बाहेर काढते.
खाटकाच्या कागदावर पेन्सिलीनं लिहिलंय:
खांदा, साडेतीन पौंड. आणि तारीख.
तारखेवर तिचा अंगठा राहतो
दोरा सुटेपर्यंत.

मीठ. मिरी. जरा जास्तच मिरी.
लोखंडी तव्यात चारी बाजूंनी चटका,
कारण आई म्हणायची, न भाजता टाकलेलं मांस
नुकतंच आंघोळ करून आल्यासारखं दिसतं.
तळाशी कांद्याच्या जाड चकत्या, वर खांदा,
कडेनं गाजरं; बटाटे मात्र मोठेच ठेवायचे,
नाहीतर संध्याकाळी सापडत नाहीत.
एक कप पाणी, चमचाभर व्हिनेगर.
स्लो कुकरच्या झाकणाची मूठ कधीच तुटली,
आता स्क्रूवर वाइनच्या बाटलीचं बूच आहे.
घरात वाइन कोण प्यायलं, हे कोणी विचारत नाही.
बटण मंदवर.
आणि ती शाळेची बस काढायला जाते.

मंद आचेचं एक असतं,
तिच्याजवळ बसून राहायचं नसतं.
झाकण उघडलं की वीस मिनिटं वाया,
असं चर्चमधल्या सगळ्या बायका सांगतात.
आर्डिथ सतरा मैल, एकोणतीस मुलं,
दोन विसरलेले डबे आणि एक ओकारी पार करते.
दुपारी बर्फाबरोबर वारा सुटतो,
शाळेतले दिवे जातात, मुलं आनंदानं ओरडतात.
तिला फक्त बूच आठवतं.

सव्वाचारला घरी येते तेव्हा
ओव्हनवरचं घड्याळ लुकलुकतंय. एक पन्नास.
वीज आली की ते बारापासून पुन्हा मोजू लागतं,
म्हणजे आली ती दोन पंचविसाला.
गेली कधी?
घड्याळाला परत येणं तेवढं कळतं.
ती शेजारच्या गेरिटला फोन लावते,
त्याच्याकडे पिल्लांचं उबवणी यंत्र आहे.
"पस्तीस मिनिटं," तो म्हणतो. "मोजली मी.
दुसरं काय होतं मोजायला?"

आता झाकण. वाफेनं चष्मा जातो.
थर्मामीटर खुपसते, काटा एकशे नव्वदच्या पुढे.
मग साधा काटा खुपसते, तो न विचारता आत जातो
आणि हाड आपणहून हातात येतं.

रस गाळते. वरची चरबी काढते, सगळी नाही.
कॉर्नफ्लॉर थंड पाण्यातच कालवायचं,
घाईनं गरमात टाकलं की गुठळ्या,
हे ती पहिल्या लग्नातच शिकली.
ढवळते. पातळ. अजून पातळ.
आणि अचानक चमच्याला जड लागतं,
जसं कोणीतरी दुसऱ्या टोकाला धरलंय.

सहाला व्हर्लिन येतो, तिचा धाकटा भाऊ.
ऑक्टोबरात गोठे रिकामे केल्यापासून
पेट्रोलपंपावरचे सँडविच खातो, उभ्यानंच.
दाराजवळच्या खुर्चीत बसतो, जाकिटासकट.
शिजेपर्यंत धीर धरवतो, निवेपर्यंत नाही:
पहिल्याच घासाला जीभ भाजते, तरी थांबत नाही.
थांबतो तो तिसऱ्या घासाला.
चरबीचा तुकडा काट्यावर धरून दिव्याकडे बघतो.

"हे आपलं आहे."

"ग्रेव्ही घे," आर्डिथ म्हणते.

बराच वेळ फक्त सुरीचा आवाज.
मग तो ब्रेडनं ताट पुसतो,
कडेपासून मध्यापर्यंत, लहानपणी मार खाऊन शिकलेल्या पद्धतीनं.
"शेवटचं?"
"छे. दोन आहेत अजून."

फ्रीझरमध्ये आहेत मटार, एक पावाची लादी,
आणि तळाशी पुडक्याच्या आकाराचा बर्फ.

"मीठ कमी पडलंय," व्हर्लिन म्हणतो,
आणि डाव मागायला हात पुढे करतो.
जाकिटाची चेन अर्धी उघडी.